चहाच्या आधणातली नळी

"मग हीसुद्धा टाकून देऊ का, सर?"

यज्ञेशने विचारलं खरं, पण काचेची नळी काही मुठीतून सुटेना.

केळुसकर सर चहाचं आधण ठेवत होते. निवृत्त होऊनही प्रयोगशाळेशेजारची खोली आणि तिथला चहा त्यांना सुटला नव्हता.

"काय आहे तिच्यात?"

"गरम पाण्याच्या कुंडातल्या जिवाणूंचं एन्झाइम. एवढंच उरलंय. कुंड आता सिमेंटने बांधून काढलं, पुन्हा तो चिखल मिळायचा नाही."

औषधं बनवताना कढत, स्पिरिट घातलेल्या मिश्रणातही तेल फोडत राहील असं एन्झाइम यज्ञेशला हवं होतं. बाकीची सगळी तिथे नासली. हे शेवटचं. हे गेलं की त्याची पीएचडीही गेलीच.

"माझं कुठे चुकलं, सांगा," तो म्हणाला. सुवर्णपदकवाल्याला असं वाक्य फार वेळ पेलत नाही. "पहिली चाचणी मी सगळ्यांची सारखीच घेतो. ना थंड, ना गरम, आपल्या अंगाइतकी ऊब. त्यात जे गप्प बसलं, ते बाद. हे ढिम्म हललं नाही. दोष माझा नाही."

"नसेल."

सरांनी नळीकडे पाहिलं. "रंगाचं रसायन घातलंयस?"

"घातलंय. काम केलं असतं तर पिवळं झालं असतं. बघा ना, नुसतं पाणी वाटतंय."

सरांनी हात पुढे केला. नळी घेतली, कपाटातल्या बाटलीतलं थोडं स्पिरिट तिच्यात ओतलं, झाकण घट्ट पिळलं आणि नळी सरळ आधणात सोडली.

यज्ञेश झटकन पुढे आला.

"सर... एवढंच होतं हो."

सरांची चहाची पूड चमच्यातच राहिली.

आधणाला बारीक बुडबुडे येऊ लागले. नळी तशीच होती. मग तळाशी जरासा रंग आला... आणि बघता बघता सगळी नळी हळदीसारखी पिवळी झाली.

यज्ञेशला रडू आलं. त्याने ते लपवलंही नाही.

"आधणात केलं काम. मग माझ्याकडे का नाही केलं? मी किती जपलं त्याला, सर."

सरांनी नळी बाहेर काढली, फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात दिली.

"तुझ्याकडे ते सुखात होतं."