तिसरा प्रायमर

"मग लावू तरी कोणता? एकदाचं सांगून टाका ना, चाचा!"

गोविंदनं प्रायमरचा, रंगाखालच्या अस्तराचा, डबा फरशीवर आदळला. याकूबचाचांनी मान वर केली नाही. ते कानस चालवत राहिले.

गोविंदच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाणारच हो! आठ वर्षं तो बंदरावरच्या या शेडमध्ये चाचांच्या हाताखाली राबत होता. अण्णा, म्हणजे त्याचे वडील गेले, तेव्हा त्यांची गंजलेली लेथ मशीन त्यानं हट्टानं इथं आणली. नव्यासारखी करून दाखवतो म्हणाला. पण तिचं मोठं झाकण काही केल्या रंग धरेना. आधी रेड ऑक्साइड लावला, तो फुगला. मग झिंकचा लावला, तोही फुगला. या खेपेला तर दोन डबे कालवून लावायचा महागडा इपॉक्सी! पंधरा दिवसांत पुन्हा फोड. तेही नेमके त्याच जागी.

"थोरल्या भावानं बजावलंय," गोविंद ओरडला, "आता गंज दिसला तर मशीन भंगारात. अण्णांची मशीन, चाचा! आणि तुम्ही आपले कानस घासत बसलाय!"

"घासलं होतंस?"

"पांढरं होईस्तोवर."

"पुसलंस?"

"थिनरनं. दोनदा."

"मग?"

"मग काय? प्रायमर."

"त्याच्या आधी?"

"आधी काही नाही! किती वेळा सांगू?"

चाचांनी कानस थांबवली.

मग म्हणाले, "फोड आहेत ती बाजू राहू दे. दुसरी घास. माझ्यासमोर."

शिकाऊ पोराला सांगावं तसं! गोविंदनं दातओठ खात सँडपेपर उचलला. जुना रंग खसाखसा खरवडून काढला. थिनरचा बोळा फिरवला, पुन्हा फिरवला. लोखंड लख्ख झालं. ते बघून त्याचा जीव सुखावला, राग जरा निवळला. घामेजलेला तळवा त्यानं झाकणावर मायेनं ठेवला, एक थाप मारली आणि हात तिथंच टेकून ठेवला.

"बघा," तो म्हणाला. "अण्णा अस्साच हात ठेवायचे."

चाचांनी कानस फेकली.

"गाढवा!"

आठ वर्षांत त्यांचा आवाज असा चढलेला गोविंदनं ऐकला नव्हता. त्यांनी त्याचं मनगट धरलं, त्याला ओढतच पलीकडे नेलं आणि त्याचा हात फोडांवर दाबला.

अंगठा. चार बोटं. तळवा. सगळे फोड त्याच्या हाताखाली बरोब्बर झाकले गेले.

तिन्ही वेळा घासून झाल्यावर, प्रायमर लावायच्या आधी, त्यानं हेच केलं होतं. उघड्या हातानं, खाऱ्या घामानं. त्या मिठानंच रंगाखाली गंज धरत होता.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्या शरमेचाच पुन्हा संताप आला.

"म्हणजे मी हातसुद्धा लावायचा नाही? अण्णांची मशीन आहे ही! माझी आहे!"

हात त्यानं अजून उचलला नव्हता.

"तुझी आहे?"

"माझी आहे!"



"मग हात काढ."