शेवंताचा सर्व्हर

पुष्कळ पूर्वी, रानातही सर्व्हर होते आणि कुणाला त्याचं नवल वाटत नव्हतं, तेव्हा शेवंता नावाच्या खारीचा छोटासा धंदा होता. ती सगळ्यांच्या बिया जमिनीत पुरून द्यायची आणि कुणाच्या कुठे पुरल्या, ती यादी सर्व्हरमध्ये ठेवायची.

सर्व्हर सांभाळणारा सुतारपक्षी एकदा म्हणाला, "ताई, सॉफ्टवेअर बदलून घ्या. जुन्याची डागडुजी आता कुणी करत नाही, आणि त्यातली भोकं घुशींना पाठ झालीत. एक दिवस धंदा बंद ठेवावा लागेल, एवढंच."

शेवंताला त्याची कीव आली. "अहो, अकरा वर्षांत हा एकदाही बंद पडलेला नाही. दर खंडेनवमीला मी स्वतः हळदकुंकू लावते त्याला."

एवढा पक्का बंदोबस्त असताना हा शिकलेला पक्षी घाबरतो कशाला, तेच तिला कळेना. तरी त्याच्या समाधानासाठी तिने त्या वर्षी हार दुप्पट जाड घातला.

थंडीत घुशींनी त्याच भोकांतून यादी वाचली आणि आठवड्याभरात सगळ्या बिया फस्त केल्या. रिकामे खड्डे पाहून अख्खं रान शेवंताच्या दारात जमलं.

शेवंताने शांतपणे यादी उघडून दाखवली. "बघा, अजून चालतोय," ती अभिमानाने म्हणाली. "कुणाच्या बिया कुठल्या खड्ड्यात होत्या, ते अगदी अचूक सांगतो."