अडुळशाला नको असलेलं नाव

झाडं आपापल्या नावासाठी भांडायची, त्या काळातली गोष्ट. माळाच्या कडेला एक अडुळसा होता. मुलूखभर फिरणारी एक भोरडी त्याच्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "अरे, तुला संस्कृतात सिंहास्य म्हणतात. तुझं फूल म्हणे सिंहाच्या उघड्या जबड्यासारखं दिसतं."

अडुळसा खूश झाला. "आणि दक्षिणेत?"

"तमिळ मुलखात तुझ्या नावाचा अर्थ 'शेळी तोंड लावत नाही' असा सांगतात."

"शेळी?" अडुळसा कडाडला. "हे नाव पुन्हा काढलंस, तर माझ्या फांदीवर बसायचं नाही!"

त्या वर्षी पाऊस पडलाच नाही. शेळ्यांनी माळावरचं गवत संपवलं, बोरी ओरबाडल्या, बाभळीची सालसुद्धा सोलली. एका दुपारी सगळा कळप अडुळशापुढे येऊन उभा राहिला. पुढं होती बांडी नावाची थोराड शेळी. भोरडी शेजारच्या खडकावरून बघत होती.

"मागं हो! मी सिंहास्य आहे!" अडुळसा ओरडला.

"सिंहाला पानं असती, तर आज आम्ही त्यालाही सोडलं नसतं," बांडी म्हणाली आणि तिनं एक पान तोडलं. अडुळसा मुळापासून थरथरला. बांडीनं पान एकदा चावलं, दुसऱ्यांदा चावलं, मग तोंड वाकडं करून थुंकून टाकलं.

"कडूजहर आहे! चला गं."

कळप निघाला. पण मागच्या दोन भुकेल्या शेळ्या चार पावलांवर थांबल्या आणि वळून बघू लागल्या.

"भोरडे," अडुळसा हळूच म्हणाला, "ते दक्षिणेतलं नाव जरा मोठ्यानं घे ना."