कुरुंदगडचा बिनविरोध दिवाण

कुरुंदगडला दिवाण मिळेना! जुना दिवाण वारला आणि दरबाराचे उभे दोन तुकडे झाले. पगडीला लाल गोंडा लावणारे ते गोंडेवाले. पगडीचा शेमला खांद्यावर सोडणारे ते शेमलेवाले. गोंडेवाल्यांचा उमेदवार यादोपंत, शेमलेवाल्यांचा हैबतराव. दरबार रोज सकाळी भरायचा, घसे बसेपर्यंत भांडायचा आणि पानं मांडली की उठायचा. वेशीबाहेरचा पूल खचला होता, तो तसाच!

"यादोपंत भर दरबारात घोरतात!"

"ते चिंतन असतं! तुमच्या हैबतरावांनी सरकारी हत्ती लेकीच्या वरातीला नेला, ते काय होतं?"

"भूतदया! मुक्या जनावरानं कधी बुंदी खाऊच नये की काय?"

गंमत म्हणजे हेच यादोपंत गेल्या दसऱ्यापर्यंत शेमलेवाले होते. तेव्हा त्यांचं घोरणं शेमलेवाल्यांना चिंतन वाटायचं आणि गोंडेवाल्यांना झोप. पंतांनी पगडी बदलली. घोरणं तेच राहिलं!

दोन्ही पक्षांच्या पगड्या बांधायचा सखोबा पगडबंद. तो एकदा गिऱ्हाइकांसमोर बोलून गेला, "पगडी उतरवली, तर कोण कुठल्या पक्षाचा हे त्याच्या बायकोलाही ओळखू यायचं नाही!" झालं! दोन्ही पक्ष खवळले आणि सखोबाची रवानगी कोठडीत झाली.

सखोबाची लेक येसू तडक दरबारात येऊन उभी राहिली.

"महाराज, माझ्या बाबांनी खोटं काय सांगितलं?"

रणोजीराव महाराज मोठे हट्टी, आणि रोजच्या कलकलाटानं त्यांचं डोकं आधीच उठलेलं. ते कडाडले, "खोटं नाही? मग हे दोन पक्ष ज्याला लायक म्हणतील असा एक दाखव! कोण, कुठला, मी विचारणार नाही. उद्या दाखवलास तर बाप सुटेल. नाही तर बापलेकींनी गाव सोडायचं!"

सगळा दरबार फिदीफिदी हसला. या एका बाबतीत दोन्ही पक्षांचं जमलं.

गाव सोडून जायचं कुठं? आणि हे दोन पक्ष तर सूर्य कुठं उगवतो यावरही एक व्हायचे नाहीत! घरी येऊन ती बाबांच्या रिकाम्या बैठकीकडे बघत बसली. बघता बघता तिच्या गालावर खळी पडली.

कुरुंदगडची जुनी चाल अशी होती, की दिवाणपदाच्या उमेदवारांनी परीक्षेला पडद्याआड बसायचं. कुणी रूपाला भुलू नये म्हणून! पडद्याच्या वर दिसायची ती फक्त पगडी. दुसरी चाल त्याहून कडक. बोडक्या डोक्यानं महाराजांसमोर यायचं नाही म्हणजे नाही!

दुसऱ्या दिवशी येसूनं महाराजांकडून उमेदवारांची परीक्षा मागून घेतली आणि ती त्यांच्या खोल्यांत गेली. "अगबाई, पंत! पगडीची घडी पार विस्कटलीय. अशानं महाराजांपुढे जाणार? द्या, नीट करून आणते." पंतांनी दिली. हैबतरावांनीही दिली.

दरबार भरला. पडद्याच्या वर डावीकडे शेमला डुलत होता, उजवीकडे गोंडा झळकत होता.

महाराजांनी विचारलं, "टोळधाड आली तर काय कराल?"

पडद्यामागून चकार शब्द नाही.

"वाहवा!" गोंडेवाले ओरडले. "आमच्या उमेदवाराचा संयम बघा! कृतीआधी बोलत नाहीत. हेच लायक!"

"आणि आमचा गप्प आहे तो कशामुळे?" शेमलेवाल्यांनी दरडावलं.

"त्याला टोळ म्हणजे काय हेच ठाऊक नसेल!" गोंडेवाले खिदळले.

"अरे जा! आमच्या उमेदवाराचं मौन म्हणजे मुरब्बीपणा! लायक आहे तो हाच!"

"आता दुसरी फेरी, जागा बदलून!" म्हणत येसू पडद्याआड शिरली. गोंडा डावीकडे गेला, शेमला उजवीकडे आला.

"पुलासाठी आणलेला चुना कुठं गेला?" महाराजांनी विचारलं.

पुन्हा शांतता.

"चोराला कुठून तोंड फुटणार!" गोंडेवाले शेमल्याकडे बोट दाखवून गरजले.

"निर्दोष माणूस खुलासे देत बसत नाही!" शेमलेवाले उसळले. "लायक माणूस असाच असतो!"

महाराजांनी कपाळावर हात मारला. "पोरी, यांचं एकमत कधी व्हायचं? जा, गाठोडं बांध!"

"एकमत झालं की, महाराज!" येसूनं सर्रकन पडदा ओढला.

मागे चौरंगांवर दोन लाकडी ठोकळे होते. पगडी बांधताना सखोबा जे डोक्याच्या जागी ठेवायचा, तेच! आतल्या खोलीतून यादोपंतांचा केविलवाणा आवाज आला, "अहो, आमच्या पगड्या कुणी देता का?"

"हा उजवीकडचा बघा," येसू म्हणाली. "आधी याच्यावर गोंडा होता, तेव्हा गोंडेवाल्यांनी याला लायक ठरवलं. मग शेमला आला, तेव्हा शेमलेवाल्यांनी. मी फक्त पगड्या बदलल्या. ठोकळा जागचा हललेला नाही!"

"पण शेमला आल्यावर आम्ही याला चोरही म्हटलं!" एक म्हातारा गोंडेवाला सरदार तणतणला.

"ते तर तुम्ही इथं सगळ्यांनाच म्हणता, सरदारसाहेब! महाराजांनी फक्त लायक मागितला होता."

महाराज आधी गालात हसले, मग असे खदखदून हसले की त्यांचीच पगडी एका कानावर आली. "सखोबाला सोडा! आत्ताच्या आत्ता! आणि पोरी, आता मी दिवाण कोणाला करू?"

"आणखी शोधायचा कशाला, महाराज? हा बिनविरोध निवडून आलाय. घोरत नाही, हत्तीवर बसत नाही, चुना खात नाही!"

"बसवा त्याला गादीवर!" महाराजांनी डोळे पुसत हुकूम दिला. "हे लोक पगडी सोडून माणूस बघायला शिकेपर्यंत हाच दिवाण! अगं, पण याचा पगार घेणार कोण?"

"महाराज, दिवाण लहानाचा मोठा झाला माझ्या बाबांच्या हाताखाली. म्हातारपणी आईबापांना सांभाळायला नको का त्यानं?"

हसता हसता महाराजांना ठसका लागला. खजिनदाराला त्यांनी हातानंच खूण केली, की दिवाणसाहेबांचा पगार दर महिन्याला सखोबाच्या घरी पोचता करा!