माघारीचा पट

एका राज्यात कोणतेही काम शेवटाला जात नव्हते. भाकरी तव्यावर टम्म फुगे आणि पानात पडण्याआधी पुन्हा पिठाचा गोळा होई. लोक दूध पिऊन, फळे खाऊन राहत. राजवाड्याच्या मांडवात माळ्याची लेक केतकी नवरी होऊन उभी होती. मध्ये अंतरपाट, पलीकडे नवरा. भटजी 'शुभमंगल' म्हणत, 'सावधान' ओठांवर येई, आणि मंगलाष्टके पुन्हा पहिल्यापासून सुरू होत. ऋतू बदलले. हार तेवढे ताजे राहिले.

"भटजी, आटपा!" नवरा ओरडे. "हार धरून हात गळाले."

"आटपून पाहिले, जावईबापू," भटजी म्हणत. "शब्दच मागे जातो."

याचे कारण राजा हेमकेतू. त्याने एका मेलेल्या जादूगाराच्या गुहेतून खजिना आणला. त्यात एक रेशमी सारीपाट होता. राजा खेळायला बसला आणि पटाने त्याला आत ओढले. वर उरली एक लाल सोंगटी. ती पुढे जाई, थबके, आणि पुन्हा पहिल्या घरात येई. सोंगटी मागे आली की राज्यही मागे येई.

राजाची लेक सुरंगी एक शेला विणत होती. शेवटचा धागा ओढला की सारा शेला उसवे. एका सकाळी तिने तो भिरकावला आणि ती पटापाशी गेली. पटाच्या काठावर जादूगाराची साळुंकी बसलेली असे.

"आत काय आहे?" सुरंगीने विचारले.

"तीन घरे. प्रत्येक घरात एक निवड. चुकली तर माघार मिळते."

"किती वेळा?"

"मागाल तितक्यांदा."

"म्हणूनच आबासाहेब आत अडकले," सुरंगी म्हणाली. "मी माघार मागणार नाही."

"सारे असेच म्हणतात," साळुंकी म्हणाली.

सुरंगीने पटावर पाऊल ठेवले. साळुंकी तिच्या मागोमाग आत उडाली.

पहिल्या घरात एक पूल होता. पुलावर डुंडुभ राक्षस घोरत होता. आपल्या दोन्ही मिशा कठड्यांना बांधून त्याने वाट अडवली होती.

"उठवून विचारा, नाहीतर मिशी कापा," साळुंकी म्हणाली.

सुरंगीला घाई होती. तिने कट्यार काढली, डावी मिशी कापली आणि पूल ओलांडला. मागून हंबरडा आला. "माझी मिशी! आमच्या सात पिढ्यांत अशी मिशी झाली नव्हती!" राक्षस ढसाढसा रडत होता. सुरंगीचा चेहरा उतरला.

"चुकलात. माघार?" साळुंकीने विचारले.

"चुकले खरे. पण माघार नाही. मी त्याची भरपाई करीन."

दुसऱ्या घरात रान होते. रानात एक चेटकीण चुलीपाशी बसली होती. तिच्यापुढे दोन घडे होते.

"एकात माणिक आहे, एकात तेल," ती म्हणाली. "हे तेल दगडाला चोळले तर दगडाला केस येतात. दोन्हींतले एकच मिळेल."

"मिशीला चालेल?"

"मिशी दगडाहून मऊच की, पोरी."

सुरंगीने तेलाचा घडा उचलला. साळुंकी किंचाळली, "मूर्खपणा! माणिक म्हणजे शेवटच्या दाराची किल्ली. आता जन्मभर आत राहाल. आता तरी माघार?"

सुरंगीने घडा घट्ट धरला. तिला तो उसवलेला शेला आठवला. "नाही," ती म्हणाली. पण आवाज बारीक आला.

तिसऱ्या घरात लोखंडी दार होते. दाराशी पायरीवर राजा हेमकेतू बसला होता. त्याच्या मुठीत माणिक चमकत होते.

"आबासाहेब!"

"सुरंगे, तू? बरे झाले आलीस. जरा थांब. मी पुलावर जाऊन येतो."

"किल्ली हातात असताना?"

"त्या राक्षसाला उठवताना माझा आवाज चढला. राजाला ते शोभले नाही. यावेळी हळू उठवतो."

"आणि मागच्या वेळी?"

"मागच्या वेळी फारच हळू उठवले. तेही शोभले नाही."

सुरंगीने कपाळाला हात लावला. इतक्यात जमीन हादरली. अर्धी मिशी घेऊन डुंडुभ धावत येत होता. राजा पांढरा पडला. "साळुंके, मा..."

सुरंगीने त्याचे तोंड दाबले. "आबासाहेब, एक अक्षरही नाही."

मग ती राक्षसासमोर गेली आणि तिने घडा खाली ठेवला.

"डुंडुभा, मिशी मी कापली. विचारायला हवे होते, घाई केली. हे तेल लाव. नाही वाढली तर मला खा. आबासाहेबांना हात लावू नकोस."

डुंडुभाने घडा हुंगला. बोट बुडवून तेल ओठावर चोळले. मिशी आली. ती गालावरून कानाकडे गेली, कानाला वळसा घालून गुडघ्यापर्यंत उतरली. राक्षसाने ती दोन्ही हातांनी मापली आणि तो असा हसला की रानातली पाखरे उडाली.

"उजवीलाही लावू का?"

"लाव बाबा, लाव."

राजा हे पाहत होता. त्याने माणिक दाराला लावले. हात पुन्हा थांबला.

"सुरंगे, दाराबाहेर माझे काही चुकले तर?"

"चुकेलच," सुरंगी म्हणाली. "तेल उरले आहे."

राजा मोठ्याने हसला. हसता हसता त्याने किल्ली फिरवली. दार उघडले.

मांडवात भटजींच्या तोंडून 'सावधान' निसटले आणि ते स्वतःच दचकले. अंतरपाट खाली आला. अक्षतांचा पाऊस पडला. नवऱ्याने केतकीकडे पाहिले. "उभे राहिल्याचे सार्थक झाले," तो म्हणाला.

"हार घाला आधी," केतकी म्हणाली. "बोलायला जन्म आहे."

भाकऱ्या फुगल्या आणि फुगलेल्याच पानात पडल्या. पटातून मिशा सावरत डुंडुभ बाहेर आला, पंगतीला बसला आणि टोपले रिकामे करूनच उठला. राजाने पहिला हुकूम दिला, तो थोडा चुकला. दुसऱ्या हुकमाने त्याने तो सुधारला. सुरंगीच्या शेल्याचा शेवटचा धागा बसला.

साळुंकी मांडवाच्या खांबावर बसली होती. जुनी खोड. तिने मान वाकडी करून विचारले, "माघार?"

"नाही!" सारा मांडव गरजला.

त्या आवाजाने पटाचे सूत सुटले आणि वाऱ्यावर गेले. राज्य पुढे चालले, कहाणीही पुढे गेली. दोघांपैकी कोणी मागे वळले नाही.