उकिरड्याची वाटणी

पूर्वी कोसल देशात एक न्यायी राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व पलाशग्राम नावाच्या खेड्यात जन्माला आला. मोठा झाल्यावर गावाने त्याला ग्रामणी केले. ग्रामणी म्हणजे गावचा प्रमुख. त्यामुळे गावातली सगळी भांडणे त्याच्या ओट्यावर यायची. बांध कोणी कोरला, कोणाची गाय कोणाच्या पिकात शिरली, हे रोजचेच. तो निवांत ऐकून घेई आणि निकाल देताना चार शब्दांच्या पलीकडे जात नसे. लोक म्हणत, या माणसाचा निकाल ओट्यावर कळत नाही, घरी गेल्यावर कळतो.

त्याच गावात सोणक आणि नंदिय हे दोन सख्खे भाऊ होते. थोरल्या सोणकची बायको रोहिणी, धाकट्या नंदियाची उत्पला. बाप होता तोवर घरात एक चूल होती. बाप गेला आणि वर्षाच्या आत दोघी जावांचे दुधाच्या खरवडीवरून वाजले. खरवड कोणाच्या मुलाने खाल्ली, एवढाच काय तो प्रश्न. पण शब्दाने शब्द वाढला, मागचे सगळे उकरून झाले आणि गोष्ट वाटणीवर गेली.

थोरला म्हणून सोणकने ओढ्याकाठचे रान घेतले. नंदियाला माळ आला, लाल, उघडा, दगडांनी भरलेला. तोही मानी. "चालेल मला," एवढेच म्हणाला. बैल वाटले, हंडे वाटले, कणगीतले धान्य वाटले. नंदियाच्या वाट्याला आले त्यातले निम्मे तर बियाणेच होते. शेवटी उरला उकिरडा.

हसू नका. त्या घरचा उकिरडा म्हणजे म्हाताऱ्याची खरी कमाई होती. भारी काटेकोर माणूस. साली, शेण, शिळेपाके, चुलीतली राख आणि पालापाचोळा एवढेच त्यात पडू द्यायचा. फुटकी मडकी वेगळ्या खड्ड्यात. ती कुंभार घेऊन जाई आणि कुटून नव्या मातीत मिसळी. मोडके लोखंड लोहाराकडे, जुनेर दिव्याच्या वातींना. अशी तीन वर्षे थरावर थर चढून तो उकिरडा छातीएवढा झाला होता. ते खत मिळाले नाही तर माळावर दाणा उगवणार नाही आणि पहिल्याच वर्षी गाव सोडावे लागेल, हे नंदियाला पक्के ठाऊक होते.

सोणक म्हणाला, "याची वाटणी सोपी आहे. खालचा अर्धा माझा, वरचा अर्धा तुझा."

खालचे ते मुरलेले खत आणि वरच्या त्या परवाच्या साली. जमलेल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. नंदिय मात्र हसला नाही. आजवर सगळ्याला हो म्हणणारा तो माणूस उठला आणि सरळ ग्रामणीच्या ओट्यावर जाऊन बसला.

निकालाच्या आदल्या दुपारी सोणक एक दुभती गाय घेऊन बोधिसत्त्वाकडे आला. "तुमच्या दारात शोभेल, ग्रामणी," म्हणाला.

बोधिसत्त्वाने गाईच्या पाठीवरून हात फिरवला. "छान आहे. घरी घेऊन जा. शेण मात्र उकिरड्यावरच टाकत जा, वाया घालवू नकोस."

दुसऱ्या दिवशी निकाल झाला. बोधिसत्त्व म्हणाला, "उकिरडा अजून सगळा पिकलेला नाही. कच्चं खत घातलं तर कोंभ करपतात. पेरणीच्या तोंडावर मी स्वतः येऊन वाटून देईन. तोवर दोन्ही चुलींचा ओला कचरा त्यावरच पडू दे."

"आणि हिने मुद्दाम खापऱ्या टाकल्या तर?" रोहिणीने विचारले.

"मी कशाला टाकू? तुमच्याच घरात रोज बांगड्या फुटतात," उत्पला म्हणाली.

"मग दोघी रोज सकाळी एकाच वेळी या," बोधिसत्त्व म्हणाला. "टोपली पालथी करायच्या आधी एकीने दुसरीची टोपली तपासायची. वरवर नाही, हात घालून."

हा कसला निकाल, असे रोहिणीला वाटले. पण तपासायला मिळणार म्हटल्यावर ती खुशीत होती. पहिल्याच दिवशी तिला उत्पलाच्या टोपलीत नखाएवढी खापरी सापडली, तर तिने ती साऱ्या आळीला दाखवली. तिसऱ्या दिवशी उत्पलाने तिच्या टोपलीतून बांगडीचा तुकडा काढून मुकाट्याने तिच्या हातावर ठेवला. पुढे दोघी इतके नीट निवडू लागल्या की तपासायला काही उरेना. बोलणे मात्र बंदच. बोधिसत्त्व रोज सकाळी समोरच्या पिंपळाखाली दोर वळत बसलेला असे.

रोहिणीची टोपली भरलेली असायची. दुधीच्या साली, केळीची साले, उसाची चिपाडे, कालचा उरलेला भात. उत्पलाच्या टोपलीत आधी दोडक्याच्या शिरा आणि मुगाची टरफले दिसत. मग साली पातळ होत गेल्या. किती कोरून सोलते ही, रोहिणी मनात म्हणाली. मग साली यायच्याच बंद झाल्या. आता फक्त राख आणि चिंचोके. काही दिवसांनी चिंचोकेही दिसेनात.

ज्या बाईने आयुष्यभर चूल फुंकली आहे तिला याचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही. चिंचोके भाजून खाल्ले जात होते. तरीही रोहिणीने मनाची समजूत घातली. असेल काटकसर, आपल्याला काय करायचे आहे.

मग एके दिवशी उत्पलाची टोपली काठोकाठ भरून आली. रोहिणीने हात घातला. सगळी वाळलेली पाने. वर पाने, मध्ये पाने, तळाला पाने.

"ही कुठली?" तिने विचारले. किती दिवसांनी ती जावेशी बोलत होती.

"अंगणातली," उत्पला म्हणाली.

उत्पलाच्या अंगणात झाड नव्हते. टोपली रिकामी दिसू नये म्हणून ती पहाटे ओढ्यापर्यंत जाऊन पाने वेचून आली होती. आता तपासायची पाळी उत्पलाची. तिने रोहिणीच्या टोपलीत हात घातला आणि तो हात कालच्या भातावर जरा जास्त वेळ थांबला. रोहिणीने ते पाहिले आणि तिला स्वतःची अशी लाज वाटली की टोपली पालथी करायलाही हात उचलेना.

दुपारी सोणक जेवायला बसला तेव्हा ती म्हणाली, "आज उत्पलाने टोपलीत पानं आणली होती."

"मग? पानांचंही खत होतं."

"अहो, तिच्या दारात झाड आहे का?"

सोणकचा घास हातात राहिला. तो म्हणाला, "बियाणं होतं ना त्याच्याकडे. आणि मागायचं होतं."

"बियाणं तो खाणार नाही आणि मागणार तर त्याहून नाही. भाऊ तुमचाच आहे तो."

सोणक ताटावरून उठला.

रोहिणीने सुपात तांदूळ घेतले, त्यावर दोन दुधी, अळूची जुडी आणि मूठभर कुळीथ ठेवले आणि धाकट्या जावेचे दार गाठले. आत मुले झोपली होती. भर दुपारी, उपाशी मुले झोपतात तशी. तिला भडभडून आले, पण ती रडायला आली नव्हती.

"हे बघ उत्पला," ती म्हणाली, "तुझी टोपली अशी रिकामी येऊ लागली तर उकिरडा पिकायचा कसा? ग्रामणी मला बोलतील. हे शिजव, आणि साली मात्र उद्या मला दिसल्या पाहिजेत."

उत्पलाने सुपातला एक दुधी उचलला. "दुधी जाड सोलू की पातळ, जाऊबाई?" तिने विचारले, आणि मग दोघी उंबऱ्यातच बसून मनसोक्त रडल्या.

पेरणी तोंडावर आली. सारा गाव उकिरड्याभोवती जमला. बोधिसत्त्वाने पहिला घाव घातला. आतून काळेभोर, मोकळे खत निघाले. पहिल्या पावसाने भिजलेल्या रानाचा वास त्याला होता.

"ग्रामणी, सगळं माळावर जाऊ दे," सोणक म्हणाला. "माझ्या रानात ओढ्याचा गाळ येतो. आणि पुढच्या हंगामात ओढ्याकाठचं निम्मं रानही त्याचं."

"निम्मं खत दादाचं आहे," नंदिय म्हणाला. "मी नेणार नाही."

"कसा नेणार नाहीस?"

"हे भांडण मी सोडवणार नाही," बोधिसत्त्व म्हणाला आणि कुदळ खाली ठेवून हसत बाजूला झाला.

रोहिणी त्याच्याजवळ गेली. "तुम्हाला दिसत होतं ना, पिंपळाखालून?"

"दिसत होतं. रोज सकाळी वाटायचं, आजच धान्याचं पोतं नेऊन टाकावं. मी दिलं असतं तर नंदिय जगला असता, पण त्याला भाऊ उरला नसता. पानांची टोपली आली त्या सकाळी मात्र मी पोतं भरून ठेवलं होतं. संध्याकाळपर्यंतच थांबणार होतो."

त्या वर्षी माळावर नाचणी गुडघ्याच्या वर आली. चुली दोनच राहिल्या, उकिरडा एक राहिला. हळूहळू गावात घराघरांत साली आणि खापऱ्या वेगळ्या होऊ लागल्या, आणि शेजारणी एकमेकींच्या टोपल्या पाहू लागल्या.

ही गोष्ट शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, एका विहारात सांगितली. सुदंत आणि वप्पक हे दोन भिक्खू विहारातले खरकटे कोणी काढायचे यावरून भांडले होते. गोष्ट संपवून शास्ता म्हणाला, "त्या जन्मातला सोणक म्हणजे हा सुदंत, नंदिय म्हणजे हा वप्पक. उत्पला म्हणजे रोज पाणी भरणारी ती उपासिका. ग्रामणी मीच होतो. आणि रोहिणी म्हणजे दाराशी बसलेली ती म्हातारी, जी आपलं खरकटं शेतावर घेऊन जाते."

म्हातारी ओशाळली. "मला तर काहीच आठवत नाही, भंते."

"आठवायला कशाला हवं? वप्पक रुसून तीन दिवस भिक्षेला गेला नाही. इतक्या भिक्खूंत ते कोणाला कळलं नाही. खरकट्यात एका पात्राची शितं कमी आहेत, हे तुला कळलं आणि तू पेज घेऊन आलीस." मग शास्ता भिक्खूंकडे वळून म्हणाला, "समोरच्याने मागण्याआधी त्याची भूक ज्याला दिसते, त्याच्या ठायी अनुकंपा आहे."