न लंगडणारा मेंढा

एकदा एका माळावर, श्रावणातल्या सकाळी बरोबर सहा वाजून दहा मिनिटांनी, एका मेंढवाड्याचं फाटक उघडलं आणि सगळी मेंढरं बाहेर पडली. एक मेंढी तेवढी मागे राहिली. पुढचे दोन्ही गुडघे जमिनीला टेकून ती जागच्या जागी गवत ओरबाडत होती.

फाटक उघडणारी होती घरची सून, भिवरा. मेंढ्या पंधरा-वीस दिवसांत व्यायच्या होत्या. जिला उभं राहवत नाही ती चरणार काय, आणि तिच्या कोकराला दूध कुठून येणार?

सासरे आले, पाहिलं आणि म्हणाले, "काटा."

त्या माळावर वेडी बाभूळ माजलेली. मेंढरू लंगडलं की काटा, हे त्या घरात इतकं पक्कं होतं की दुसरं काही कुणाच्या मनातही येत नसे. सासऱ्यांनी चाकूने खूर कोरला, काटा सापडला नाही, तरी हळद भरली. तिसऱ्या दिवशी चार लंगडल्या, आठव्या दिवशी अकरा. प्रत्येकीचा खूर त्याच चाकूने कोरून झाला.

"मामा, अकरा जणींना एकदम काटा कसा लागेल?"

"माळ एकच, काटे एकच. तू आपलं लेकराकडं बघ."

लेकराकडे ती बघतच होती. त्याला पाठीशी बांधून ती माळापलीकडे राहणाऱ्या मायाप्पा आबांकडे निघाली. आबा वृद्ध मेंढपाळ. जनावराचं दुखणं ओळखण्यात त्यांचा हातखंडा होता. गेल्या वर्षापासून भिवरा त्यांच्याकडून ही विद्या शिकत होती.

आबा आले. लंगड्या मेंढ्या रांगेत उभ्या केल्या होत्या. त्यांनी एकीचं तोंड उघडून जीभ आणि हिरड्या पाहिल्या. तिचाच पाय उचलून खुराची बेचकी हुंगली. आणि मग बाकीच्या दहा जणींकडे पाठ फिरवून ते सरळ मेंढ्याकडे चालू लागले.

हा मेंढा महिन्यापूर्वी बाजारातून आणलेला. रुंद छाती, ऐटबाज चाल. आठवड्यापूर्वीच तो गाभण न राहिलेल्या मेंढ्यांसाठी थोरल्या वस्तीच्या कळपात चार दिवस राहून आला होता आणि उद्या धाकट्या वस्तीचे लोक त्याला न्यायला येणार होते. तो कधी लंगडला नव्हता.

सासरे हसले. "आबा, नजर गेली काय? लंगड्या त्या तिकडं."

"नजर गेली रे बाबा. नाक शाबूत आहे. पोरी, पाड याला."

भिवराने मेंढा आडवा पाडला. वरून खूर धडधाकट, फक्त जरा वाढलेला. आबांच्या सांगण्यावरून तिने चिखल धुतला आणि दोन नख्यांच्या मधली जागा उघडली. कातडी लाल, ओलसर. टाचेकडून नखीची कड सुटलेली होती, आणि आत राखाडी, बुळबुळीत घाण. तो कुजका वास येताच तिने मान फिरवली. लंगड्या मेंढ्यांचे खूर कोरतानाही हाच वास आला होता.

"आता तूच सांग," आबा म्हणाले.

ती थांबत थांबत बोलली, "तोंडात फोड नाहीत, म्हणजे लाळ्या-खुरकूत नसावी. काटा असता तर एखादीला, एखाद्या पायात असता. हे बेचकीतनं सुरू होऊन नखीखाली शिरलंय. खूर कुजतोय, आबा. आणि ह्यानंच आणलंय."

"बरोबर. ओल्या जमिनीनं कातडी मऊ पडते, पण नुसत्या चिखलानं खूर कुजत नाही. रोगाचे जंतू कुणीतरी पायातून घेऊन यावे लागतात. मग ते ओलीतून, चाकूतून एकीकडून दुसरीला जातात. पोरी, लंगडणारं जनावर रोग दाखवतं. आणणारं कधी कधी ताठ चालतं. आपण दुखणाऱ्याला धरतो आणि ऐटदाराला मोकळं सोडतो. आजारी वेगळ्या कर, जागा कोरडी ठेव, चाकू उकळ, आणि आजच सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना दाखव. औषध ते ठरवतील."

सासऱ्यांचा चेहरा उतरला. हलक्या आवाजात ते म्हणाले, "करू सगळं. पण बाहेर बोलू नका. आपल्या वाड्यात कुजणं शिरलं म्हटल्यावर कोण दारात उभं करील?"

भिवराने आबांकडे पाहिलं. तिने लेकराची झोळी घट्ट आवळली.

"मामा, तुम्ही डॉक्टरांना आणा. मी थोरल्या वस्तीवर जाऊन येते. त्यांच्याही मेंढ्या गाभण आहेत."

"सूनबाई, अब्रू जाईल!"

"जाऊ दे. कोकरं तरी जगतील."

थोरल्या वस्तीवर ठकूमावशी दारातच भेटल्या. सगळं ऐकून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "घरचं वंगाळ स्वतःच सांगत फिरणारी सून आज पहिल्यांदा बघितली गं बाई!"

"आज मी सांगतेय, मावशी. आठ दिवसांनी तुमच्या मेंढ्या सांगतील."

ठकूमावशींनी जवळच्या मेंढीचा पाय उचलला. ती लंगडत नव्हती. त्यांनी बेचकी फाकवली, हुंगली, आणि पाय हळूच खाली ठेवला.

"भाकरी खाऊन जा," त्या एवढंच म्हणाल्या. आणि आत वळून लेकीला हाक मारली, "अगं, धाकट्या वस्तीवर पळ. उद्या मेंढा न्यायला येऊ नका म्हणावं. आणि का, तेही सांग."

ज्यांच्या दारात शेळ्या-मेंढ्या आहेत, त्यांनी आज लंगडणाऱ्यांबरोबर न लंगडणाऱ्यांचेही खूर पाहावेत. आणि ज्यांच्या दारात नाहीत, त्यांनी ज्यांच्याकडे आहेत त्यांना एवढं जरूर सांगावं.